जांभळ्या टोपीचे रुग्ण

मुलुंड पूर्वेच्या समीक्षाला एक आजार होता. त्याचं नाव इतकं लांब, की डॉक्टरसुद्धा मध्ये एकदा श्वास घेऊन ते पुरं करत. नऊ वर्षांच्या त्या पोरीच्या अंगातलं बळ महिन्या-महिन्याला ओसरत होतं. पाय आधीच गेले होते, आता हातांची पाळी होती. ते थोपवणारं इंजेक्शन फक्त ‘दुर्मीळ व्याधी सहाय्य कक्ष’ देई. म्हणून तिचे आजोबा, लेथ मशीनवर जन्म काढलेले रामचंद्र, अर्ज घेऊन कक्षात हजर झाले.

कक्षप्रमुख विद्याधरसाहेबांनी अर्ज प्रेमाने वाचला.

"आजोबा, एका रुग्णासाठी फाइल उघडत नाही. निदान पंचवीस लागतात."

"अहो साहेब, दुर्मीळ आहे म्हणूनच एक आहे ना!"

"मान्य. पण लोकांना माहितीच नाही, तर रुग्ण पुढे येणार कसे? आधी जनजागृती हवी."

रामचंद्रांना ते पटलं. पटलं नसतं तरी चाललं असतं. मेळाव्याचं परिपत्रक निघालंच होतं.

रविवारी मैदानात मेळावा भरला. झुंबा झाला. आजाराच्या आकाराचा केक कापायचा होता. आकार कोणालाच ठाऊक नसल्याने तो गोल केला. समीक्षाची व्हीलचेअर स्वागतकमानीतून आत जाईना, म्हणून ती बाहेरूनच जागृत झाली. उपमा फुकट, वर जांभळी टोपी फुकट. पण सरकारी टोपी सहीशिवाय देता येत नाही, आणि कक्षाकडे छापील नमुना एकच होता: रुग्णनोंदणीचा. फुकट काही मिळत असताना छापील मजकूर वाचत बसण्याची आपल्याकडे रीत नाही. शेजारच्या सपनावहिनींनी घरच्या पाच जणांच्या नावाने पाच टोप्या नेल्या. त्यातला एक कॅनडात होता. एकाने तर कुत्र्याचीही नोंद केली. वय तीन, व्यवसाय सुरक्षा.

सोमवारी विद्याधरसाहेब उठून उभे राहिले.

"अभिनंदन आजोबा! चार हजार तीनशे बारा रुग्ण!"

"म्हणजे इंजेक्शन मिळणार?"

"आता कसं मिळेल? शंभरच्या वर गेलं की आजार दुर्मीळ राहत नाही, साथ होते. साथीचा विभाग वेगळा. तो धूर फवारतो."

दुपारी समीक्षाच्या इमारतीत चोख धूर फवारला गेला.

"मग मी करू काय?" खोकत कक्षात परतलेल्या रामचंद्रांनी विचारलं.

"सोपं आहे. प्रत्येकाने स्वतः यायचं, टोपी जमा करायची, बरा झाल्याचा दाखला जोडायचा. शंभराच्या आत आलात की आहेच मी!"

रामचंद्र यादी घेऊन दारोदार फिरू लागले.

"काका, मी आलेही असते हो," सपनावहिनी म्हणाल्या, "पण ह्यांना त्या कागदावर ऑफिसात आजारपणाची रजा मंजूर झालीय. कशाला मोडता घालताय?"

वरच्या मजल्यावरचा नितेश कळवळला. "काका, टोपीतला फोटो टाकलाय ना मी. तीनशे लाइक. आता नाव मागे घेतलं तर लोक मला असंवेदनशील म्हणतील यार!"

महिनाभरात तिघं तयार झाले. त्यातला एक कुत्रा. समीक्षाच्या हातून पेन्सिल सुटू लागली.

गेल्या मंगळवारी रामचंद्र तुमच्याकडेही आले होते. बेल वाजली, तुम्ही दाराच्या भिंगातून पाहिलंत. म्हातारा दिसला, हातात कागद दिसले. जनजागृतीची वर्गणी मागणारा असणार म्हणून कडी न काढता तुम्ही आतूनच ओरडलात, "आमच्याकडे सगळे जागरूक आहेत!"