मेघाच्या पत्रिकेतली तिसरी ओळ

आमच्या अंकुशची एक सवय मला त्याच्या लहानपणापासून पटली नाही. तो विचारत नाही! तुरीची डाळ आणायला पाठवलं आणि दुकानात डाळ संपली असली, तर माणसानं घरी येऊन विचारावं की नाही? हा साबण घेऊन यायचा. वर म्हणायचा, "मले वाटलं, साबण लागत असन."

आता तो इंजिनिअर आहे. सक्करदऱ्याच्या आमच्या घरात वरच्या खोलीत बसून काम करतो. काय करतो, ते एकदा मीच विचारलं.

"आई, आजकाल कॉम्प्युटरमधी एजंट रायते. आपण सांगतलं का तो एकटाच काम करते. पण जुन्या फायली त्याले वाचता येत नाही. पह्यले अक्षराचे टाईप वेगवेगळे होते ना, आता उघडलं का नुसती गिचमिड दिसते. त्याले वाचता यावं म्हणून मी एक यंत्र बनवून राहिलो."

"म्हणजे गडी ठेवला, अन् आता त्याले चष्मा करून देऊन राहिला."

"तसंच समज."

मी चौथीपर्यंत शिकले. पण एका वाक्यात आटपलं. त्याच्या साहेबाला हे जमलं नसतं.

तेवढ्यात अंकुशच्या बहिणीचं, आमच्या मेघाचं लग्न ठरलं आणि पत्रिका छापायचा विषय निघाला. पत्रिका म्हणजे जोखीम. पंगतीत भाजी कमी पडली तर लोक विसरतात. पत्रिकेत नाव खाली गेलं तर नातवंडांना सांगून जातात! त्यातून आमची नणंद अंजनाबाई. राहते जरीपटक्याला, पण तिचा मान पार कामठीपर्यंत पसरलेला. मेघा तिच्या मांडीवर वाढली. "आत्या नसन तर मी लग्नाले उभीच राहत नाही," असं मेघानं आधीच बजावलेलं.

अंकुशच्या लग्नाच्या वेळी नावांचा क्रम भांडून-भांडून ठरला होता. मी फर्मावलं, "तेच नावं, तोच क्रम. फक्त नवरा-नवरी बदल."

पत्रिका छापणाऱ्या अनंतकडून जुनी फाईल आली. उघडली, तर कोंबडी शाईत पाय बुडवून नाचून गेल्यासारखी!

"एजंटले देतो," अंकुश म्हणाला. चहाला उकळी फुटायच्या आत नवीन पत्रिका तयार. त्यानं कागदावर काढून माझ्या हातात दिली.

"आई, एकडाव वाचून घे."

माझा चष्मा खाली स्वयंपाकघरात होता. जिना उतरा, परत चढा. मी कागद लांब धरला, जवळ धरला, मान डोलावली.

"बराबर हाय. पाठव."

कागदाचा रंग खरंच छान होता.

पत्रिका सगळ्या नातेवाइकांच्या मोबाईलवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची पुष्पलता डोळ्याला पदर लावूनच दारात उभी!

"भीमाबाई, कवा गेल्या वं अंजनाबाई? आमाले सांगतलं बी नाही!"

"कोठी गेल्या?"

तिनं मोबाईल पुढे केला आणि वाचून दाखवलं. आम्हा बौद्धांच्या पत्रिकेत जिवंत माणसाच्या नावापुढे आयुष्मान, आयुष्मती लिहितात आणि गेलेल्याच्या नावापुढे कालकथित. पहिल्या ओळीत कालकथित सासरे. बरोबर. दुसऱ्या ओळीत कालकथित सासूबाई. बरोबर. तिसऱ्या ओळीत, कालकथित अंजनाबाई!

सख्खी आत्या गेली, आणि हे पोरगं मला पत्रिकेतून कळवतं!

अंकुशला फोन लावला. तो रामदासपेठेत मीटिंगला, फोन बंद. अंजनाबाईला लावला. उचलेना. मेलेलं माणूस कसं उचलणार!

मेघाच्या लग्नासाठी घेतलेली पांढरी साडी नेसले. आमच्यात पांढरं लग्नात आणि मयतात, दोन्हीकडे चालतं. नवऱ्याला ऑटोत घातलं आणि रडायला सुरुवात केली. नवरा बळीराम, अंजनाबाईचा सख्खा भाऊ, तो मात्र खिडकीबाहेर बघत बसलेला.

"परवाच तर बोलली ना वं माह्यासंग," तो म्हणाला.

"शेवटचं बोलणं होतं ते. रडा!"

तो रडला. आज्ञाधारक माणूस आहे.

जरीपटक्याला दारात चपलांचा ढीग. आत माणसं भिंतीला टेकून गप्प बसलेली. मी उंबरठ्यावरूनच हंबरडा फोडला, "मायबाई, मले एकटीले टाकून काहून गेल्या वं!"

"चहा कराले गेली होती," आतून आवाज आला.

अंजनाबाई! हातात ट्रे. स्वतःच्याच मयताला आलेल्यांना चहा देत होती.

"ये वं भीमाबाई. सारे येऊन बसले. घरच्यायले उशीर होते काय?" मग तिची नजर खाली उतरली. "लग्नाची साडी मह्या मयतात काढली?"

"घडी मोडली फक्त," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मोड. मी काही येत नाही लग्नाले. मेलेली बाई लग्नात शोभते काय?"

आत्या नाही तर मेघा नाही. मेघा नाही तर कसलं लग्न!

अंकुशला मीटिंगमधून ओढून आणवलं. तो लॅपटॉप घेऊनच आला.

"त्याले विचार," अंजनाबाई म्हणाली, "मले काहून मारलं?"

अंकुशनं एजंटला विचारलं. उत्तर फार नम्र आलं. तिसऱ्या ओळीतला पहिला शब्द वाचता आला नाही. वरच्या दोघांपुढे कालकथित होतं, म्हणून यांच्यापुढेही तेच असावं, असं वाटलं. क्षमा असावी.

"वाचता आलं नाही, तर विचाराचं होतं ना गा!" अंजनाबाई कडाडली.

सगळे अंकुशकडे बघायला लागले. अंकुश घाबरला आणि घाबरला की तो खरं बोलतो.

"आत्या, पाठवाच्या आधी आईनं वाचली होती."

सगळे माझ्याकडे वळले. बळीरामसुद्धा.

"गड्याले चष्मा करून देल्ला," मीच तिला फोनवर ऐकवलेलं वाक्य अंजनाबाईनं शांतपणे परत केलं, "मंग मालकिणीचा कोठी होता?"

"स्वयंपाकघरात," मी म्हटलं.

आधी ती हसली, मग बाकीचे. ट्रेमधला चहा सांडला. मयताच्या घरात एवढं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"येतो," ती डोळे पुसत म्हणाली. "पण नवीन पत्रिका पायजे. अन् माह्यापुढचं आयुष्मती एवढं ठसठशीत, का रस्त्यावरून दिसलं पायजे!"

घरी येऊन अंकुशनं यंत्र दुरुस्त केलं. शब्द लागला नाही तर आता अंदाज नाही, आधी विचारायचं. मी चष्मा लावून शेजारी बसले. अंजनाबाईची ओळ मोठ्या अक्षरात नीट उमटली. मग ते यंत्र थांबलं.

अंकुश खाकरला. "आई... तुह्या नावापुढचा शब्द बी त्याले लागून नाही राहिला. तो विचारून राहिला, 'भीमाबाई या आयुष्मती, की कालकथित?'"

मी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला आणि म्हटलं, "आयुष्मती लिही. अन् अंकुश, हे लेकरू तुह्यावर नाही गेलं गा. यानं विचारलं तरी!"