माशांना जागा पाहिजे

बाहत्तर साली महाबळेश्वरला मधमाशा पाळायचं शिकून, मांडीवर माशांची पेटी घेऊन मी जामखेडला एसटीतून उतरलो, तेव्हा शेजारच्या अनोळखी प्रवाशाला शब्द देऊन बसलो होतो की दिवाळीत तुमच्या घरी बाटलीभर मध पोचता करतो. एवढी खात्री मला बोहल्यावरसुद्धा नव्हती!

पेटीला जागा कशी हवी हे मला तोंडपाठ होतं. सावली हवी, जवळ पाणी हवं आणि आसपास फुलोरा हवा. पावसानं ओढ दिली होती, पण आज ना उद्या पडेल असं सगळेच म्हणत होते. तो पडलाच नाही.

पेटी आधी आमच्या रानातल्या कडुलिंबाखाली ठेवली. लोकांनी शेळ्यांसाठी लिंबाचा पाला ओरबाडून नेला आणि झाड जावळ काढलेल्या पोरासारखं दिसू लागलं. करडईला फूल नव्हतं, कारण करडईच नव्हती. अशा वेळी माशांना साखरेचा पाक द्यायचा असतो. म्हणून रेशनची साखर पेटीत जाऊ लागली आणि घरात अगोड चहा सुरू झाला. माझी बायको विजयमाला कप माझ्यापुढे जरा जोरात आदळायची.

निदान पाणी तरी मिळावं म्हणून पेटी गावविहिरीजवळ हलवली. विहीर कोरडी होती, टँकर येऊन तिच्यात पाणी ओतायचा. बाया कळशी भरायच्या आणि कळशीच्या काठावर माशांची दाटी व्हायची. त्यांना तरी दुसरं पाणी कुठं होतं? एक माशी आमच्या शेजारच्या मालनबाईंच्या पापणीला डसली. म्हातारीनं भरली कळशी आधी नीट खाली ठेवली, थेंबभर सांडू दिलं नाही, आणि मगच डोळा धरून बसली. मी हात जोडत गेलो.

"गोरक्षा," ती म्हणाली, "माशा ने बाबा हितनं. मला डोळा दुसरा हाय, पानी दुसरं न्हाई."

गावाबाहेर दोन कोसांवर पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं. आमचं निम्मं गाव तिथं खडी फोडत होतं, आम्ही नवरा-बायकोही. तिथं पाण्याचं पिंप होतं आणि एक बाभूळ अजून तग धरून होती. कारभारी नावाचा मुकादम आधी नाही म्हणाला. त्याच्या बापाचा खोकला थांबत नव्हता. त्याला मध देतो म्हटल्यावर तयार झाला. पेटी बाभळीखाली बसली. मला वाटलं, जमलं.

दुपारी सुकडी वाटायला पोतं उघडलं. गव्हाच्या पिठात गूळ घातलेली ती सरकारी सुकडी. दिवसभरात पोटात काही जायचं ते तेवढंच. गुळाचा वास बाभळीपर्यंत गेला असणार. आधी दहा-वीस आल्या, मग सगळी पेटीच आली. कुणी पदरानं झटकल्या, कुणी टोपीनं. माशा चिडल्या. रांग मोडली. पळता पळता कुणाचा तरी पाय लागून पिंप कलंडलं आणि त्याच चिखलात पोतं आडवं झालं.

माशा निवल्यावर माणसं परत आली. मला वाटलं, आता मार बसणार. पण कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सगळे खाली बसले आणि चिखलातली सुकडी बोटांनी वेचू लागले. एक डोळा सुजून मिटलेल्या मालनबाई आपल्या वाट्यातली मेलेली माशी नखानं बाजूला करून घास तोंडात घालत होत्या. विजयमाला वेचत होती. मीही बसलो. त्या सुकडीची चव कशी होती हे मला कुणी विचारू नये.

दुसऱ्या दिवशी कामावर पोचल्याबरोबर मी पेटी उचलायला बाभळीकडे गेलो. हात लावायच्या आत माशा दारातून भराभरा बाहेर पडल्या, वर एक घिरटी घेतली आणि ढगासारख्या उत्तरेकडे निघून गेल्या. झाकण काढून बघितलं. पोळ्यात ना मध, ना अंडी, ना एक माशी.

मालनबाई हातोडी खाली ठेवून बघत होत्या. "कुनीकडं गेल्या रं?"

"श्रीरामपूरकडं असतील. तिकडं पाटाचं पानी हाय, ऊस हाय."

त्यांनी हातोडी उचलली. "पंख असते तर आमी बी गेलो असतो की," म्हणाल्या आणि पुन्हा खडी फोडू लागल्या.

संध्याकाळी रिकामी पेटी डोक्यावर घेऊन मी घरी निघालो. वाटेत जो भेटेल तो विचारी, "काय गोरक्ष, मिळाली का जागा?"

"मिळाली," मी म्हणायचो. कुणाला, ते कुणी विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही.