रुसवा काढणारे बबनमामा

बबनमामा ज्या घरी पाणी पीत नाहीत, त्या घरात कुणीतरी रुसलंय असं आमच्या गावात खुशाल समजावं. खालापूर तालुक्यात लग्न म्हटलं की मांडव, बेंजो आणि एक रुसलेला काका लागतोच. पत्रिकेत नाव खाली छापलं, टॉवेल-टोपी हलकी दिली, हळदीला हाक मारली नाही. कारण काहीही चालतं. मग मुलीचा बाप मामांना गाठतो. मामा त्या काकाच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसतात आणि समोर आलेला तांब्या बाजूला सारतात. "तुमी मांडवात चला, तवा पिईन." चूक कुणाची हे मात्र ते कधी विचारत नाहीत. "न्याय कराया गेलं की मानूस अजून घट बसतो," असं त्यांचं म्हणणं.

मी हे ऐकीव सांगत नाही. माझ्या सख्ख्या पुतण्याच्या लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढचं 'निवृत्त मुख्याध्यापक' गाळलं, तेव्हा मी स्वतः आतून कडी लावून बसलो होतो. बाहेर उंबऱ्यावर मामा. मरेन पण जाणार नाही, असं मी ठरवलं होतं. मग दुपारी मांडवातून मटणाचा वास यायला लागला आणि मी कडी काढली. श्रेय अर्थात मामांना मिळालं.

मामांच्या घरात दुसरं कुणी नाही. मामी वारल्या, आणि एकुलती एक मुलगी वैशाली नर्सिंग शिकून इस्राएलला गेली. तिथं रामले नावाच्या गावात ती रिबकाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळते. या रिबकाबाई मूळच्या आपल्याच रायगडातल्या, शनिवार तेल्यांच्या, म्हणजे इथल्या ज्यूंच्या, लहानपणी आईबापांबरोबर तिकडं गेलेल्या. मराठी बोलणारीच मुलगी हवी, असा त्यांचा हट्ट होता. तिकडं लढाई पेटली आणि मामा रोज सकाळी माझ्या ओटीवर यायला लागले. "गुरुजी, मिटंल का ओ?"

आता मी पडलो इतिहास-भूगोलाचा मास्तर. मला असलं काही विचारायची खोटी! मी ओटीवर खडूने नकाशा काढला. सीमा, वसाहती, निर्वासित, जेरुसलेम, दोन राष्ट्रांचा तोडगा, सगळं सांगितलं. याच विषयावर मी कर्जतच्या वाचनालयात व्याख्यानही दिलं होतं. श्रोत्यांमध्ये निम्मे आयोजक होते, उरलेले पंख्याखाली बसायला आले होते. मामा माझ्या नकाशाशेजारी तंबाखूची पुडी ठेवून शेवटपर्यंत ऐकायचे आणि विचारायचे, "त्यांच्यात दोनी घरचा असा येखादा जावई नाय का?"

"नाही हो, मामा!"

"मंग कठीन हाय."

माझ्या व्याख्यानाचा निष्कर्षही साधारण हाच होता. तिथवर पोचायला मला दीड तास लागला होता आणि शाल मिळाली होती.

एके सकाळी मामा आले ते ओटीवर बसलेच नाहीत. रामलेला हल्ल्याचा भोंगा वाजला की इमारतीतल्या सगळ्यांनी तळघरात जायचं असतं. पण रिबकाबाई जात नाहीत, हे वैशालीच्या तोंडून आदल्या दिवशी निसटलं होतं. म्हातारी वरच्या मजल्यावर पलंगावर बसून राहते आणि तिला सोडून जायचं नाही म्हणून वैशालीही वरच थांबते.

"पाय दुखतात का त्यांचे?" मी विचारलं.

"पाय कसले! रुसवा हाय."

खालच्या मजल्यावर नादिया नावाची अरब बाई राहते. दोघींचा वर्षानुवर्षांचा शेजार. एकमेकींच्या भाजीला नावं ठेवण्याइतकी जवळीक. लढाई सुरू झाल्यावर रिबकाबाईंचा नातू फौजेत गेला. नादियानं त्याची विचारपूस केली नाही. मग गाझात राहणारी नादियाची बहीण बाँबमध्ये गेली. रिबकाबाई भेटायला उतरल्या नाहीत. तळघरात बाकं समोरासमोर. तिच्या तोंडाकडं बघत बसण्यापेक्षा मी वर मरेन, असं म्हातारी म्हणते.

"आनि माझी पोर?" मामा म्हणाले. त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

मी लगेच सुरू झालो. म्हटलं, मामा, याची मुळं फार खोल आहेत. मामांनी माझ्याकडं असं काही पाहिलं की मी चष्मा पुसायला घेतला.

मामांनी त्याच सकाळी व्हिडिओ कॉल लावला. "आजी, तुमी खाली जायाचं कबूल करीत नाय, तवर मी पानी पिनार नाय."

"नको पिऊस!" पलीकडून रिबकाबाई कडाडल्या. "बघितलेत असले! आमच्या गावात माझ्या काकाला असाच उठवायला आला होता एक मेला."

"मंग उठले का काका?"

बाईंनी फोन वैशालीच्या हातात दिला.

मला वाटलं, फोनवरचा उपास, कोण बघतंय? घरात जाऊन पितील गुपचूप. दुपारी डोकावलो तर मामा स्वतःच्याच उंबऱ्यावर, ओठ सुकलेले, पलीकडं तांब्या झाकलेला. मी ओरडलो, "अहो, मराल! त्या बाईला दिसतंय का इथलं?"

"तिला म्हाईत हाय," मामा म्हणाले.

खरंच माहीत होतं. बाईंनी दर थोड्या वेळानं वैशालीला फोन करायला लावला होता. "प्यायला का गं तुझा बाप?" प्रत्येक वेळी नाही ऐकून त्या फणकारत होत्या. मी तिथं असतानाच पुन्हा फोन वाजला. या वेळी बाई स्वतः पडद्यावर. "अरे बाबा, साखर घालून घोटभर तरी घे. तुझं काही झालं तर ही पोर मला..."

आणि भोंगा सुरू झाला.

"आजी, उठा!" मामा ओरडले.

"आधी तू पी!"

"आधी तुमी खाली जावा!"

"बाबा, ऐका ना," वैशाली रडकुंडीला आली होती. मी, आंतरराष्ट्रीय प्रश्नांचा अभ्यासक, तांब्या हातात घेऊन मामांच्या तोंडाशी नेत होतो आणि मामा तो ढकलत होते. सगळं पाणी माझ्या लेंग्यावर सांडलं.

"मेल्या, हट्टी!" बाई म्हणाल्या. पडद्यावर छत दिसलं, मग जिन्याचा कठडा, मग काळोख. फोन बंद पडला.

मामा फोन हातात धरून बसले. मी ओला लेंगा पिळत बसलो. रस्त्यावरून खोपोलीकडं जाणाऱ्या टेंपोचा हॉर्न वाजला तरी दोघं दचकलो.

बऱ्याच वेळानं वैशालीचा फोन आला. "बाबा, सगळे ठीक आहोत. आजी आल्या होत्या खाली."

"बोलल्या का दोघी?"

"नाही. पण आजींना धाप लागली होती, तर नादियाबाईंनी आपल्या पाठची उशी काढून दिली. आजींनी घेतली. प्या आता पाणी."

मामांनी आत जाऊन दुसरा तांब्या भरून आणला आणि ते उभ्यानंच घटाघटा प्यायले. मी आनंदानं म्हटलं, "मामा, काढलात की रुसवा! तुम्हालाच पाठवायला हवं होतं तिकडं."

"कुठला काढला, गुरुजी." त्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं. "त्या नादियाची भैन मेलीय. त्यो काय रुसवा नाय. तिथं मी पानी सोडून काय व्हनार?" तांब्या खाली ठेवून म्हणाले, "माझी पोर आज खाली बसली. मला तेवढंच पायजे हुतं."

मला राहवलं नाही. "मग तिलाच परत बोलवून घ्या ना. सगळ्या गावाला उठवून आणता. स्वतःच्या मुलीला एक शब्द टाकत नाही!"

"इचारलं तर ती नाय म्हनंल," मामा म्हणाले. "म्हातारीला टाकून ती येनार नाय, मला ठावं हाय." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचीही त्यांनी तसदी घेतली नाही. "इचारलं नाय, तवर येईल असं वाटतं ओ, गुरुजी."