रहीमचाचांची गुंजाईश

रहीमचाचा मिस्त्रींवर अन्याय झाला तो गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाला. समोरच्या बंगल्यातल्या पाटीलसाहेबांनी त्यांना गल्लीत सगळ्यांसमोर चोर म्हटलं. आम्ही ऐकत उभे राहिलो. मीसुद्धा.

चाचा विक्षिप्त आहेत, मान्य. लाकडी जमीन करायला बोलावलं की आधी चौकशी: घरात भात कितीदा शिजतो, ओले कपडे कुठं वाळतात, कूलर कोणत्या खोलीत. पाटलांची सून वैतागून म्हणाली, ‘चाचा, फळ्या बसवताय का सोयरीक जमवताय?’ सोयरीकच, म्हणाले. पाटलांच्या हॉलमध्ये सागाच्या फळ्या पंधरा दिवस नुसत्या पसरून ठेवल्या. रोज यायचे, फळीला गाल लावायचे, हिला या घरची हवा अजून मानवली नाय म्हणून निघून जायचे.

ऐन उन्हाळ्यात जमीन झाली. पावसाळ्यात लाकूड फुगतं, सरकायला जागा मागतं. म्हणून चाचांनी भिंतींच्या कडेनं बोटभर फट सोडली, वर पट्टी मारली. या फटीला ते ‘गुंजाईश’ म्हणतात. शहागंजच्या बाजारात हा शब्द घासाघीस करताना चालतो, भाव कमी करायला जागा आहे का अशा अर्थानं. साहेबांनी तोच अर्थ घेतला: मिस्त्रीनं माल कमी घातला. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस, दुसऱ्याच्या कामात आणखी कुठला संशय येणार? त्यांनी दुसरा गडी लावून फट सिमेंटनं भरून घेतली. मी खिडकीतून पाहिलं.

श्रावणात झड लागली. लाकूड फुगलं, सिमेंटला अडलं आणि हॉलच्या मधोमध उंटाच्या पाठीसारखं वर आलं. साहेबांची म्हातारी आई त्याला अडखळली.

साहेबांनी चाचांना बोलावलं, पण फाटकाच्या आत घेतलं नाही. ‘कच्चं लाकूड घातलंस. मधोमध उठलंय, आई अडखळली. चोर आहेस तू.’ चाचांनी एवढंच विचारलं, अम्मा पडल्या नाय ना? फाटक बंद झालं. तेव्हापासून चाचांना या भागात कोणी काम देत नाही.

मी त्यांच्या घरी गेलो. पत्रक काढतो म्हणालो, सिमेंट मी पाहिलंय. ते हसले.

‘पत्रक ऱ्हाऊ दे, बेटा. तू समोरच ऱ्हातो. पाऊस सरेपर्यंत भिंतीच्या कडंकडंनं चाल म्हनावं अम्माला. मधी लई उठलंय.’

अम्मांना मी सांगितलं. आता गल्लीतल्या तुम्हा सगळ्यांना सांगतो. चाचा चोर आहेत ही गोष्ट तुम्ही कोणाला ऐकवली असेल, तर त्याच माणसाकडे परत जा आणि आपण खोटं बोललो म्हणून सांगा. आजच.