आवाज बंद होईना

बायकोची बढतीची मुलाखत होती. त्या सकाळी नवऱ्याने ठरवलं, की आज तिला एकही गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लावायची नाही. सगळा घोटाळा या सद्‌बुद्धीतून झाला.

डिस्लेक्सिया आणि एडीएचडी, दोन्ही आहेत, असं डॉक्टरांनी त्याला चाळिशी उलटल्यावर सांगितलं. ("एकाने भागलं नसतं का?" इति बायको.) अक्षरं त्याच्यापुढे फेर धरत आणि ती ओळीत उभी राहीपर्यंत मन भलत्याच गावाला पोचलेलं असे. फोनवर लिहून ठेवलेली आठवण वाचून होईतो दूध उतू गेलेलं. म्हणून मुलीने आईच्या आवाजातले अलार्म भरून दिले. "अहो, ऐकलं का? गॅस बंद करा." "अहो, ऐकलं का? नळ बंद करा." (घरात दोन बायका झाल्या, आणि दोघींचं एकमत.)

तर बायको वाळत घातलेला ड्रेस आणायला गॅलरीत गेली. तेवढ्यात फोन बोलला, "अहो, ऐकलं का? गॅलरीचं दार लावा, मांजर येतं."

त्याने तत्परतेने कडी लावली. मग स्वतःवर खूश होऊन पाणी प्यायला.

"अहो! दार उघडा!"

"आत्ता तर लाव म्हणालीस," पुटपुटत तो फोन शोधू लागला. फोनऐवजी सापडला चष्मा. चष्म्याशेजारी ढिला झालेला प्लग दिसला. प्लगसाठी स्क्रूड्रायव्हर काढायला गेला, तर कपाटात हरवलेली छत्री! ती उघडून काड्या तपासत असताना आवाज चढला.

"अहो, मला उशीर होतोय!"

फोन अखेर फ्रिजमध्ये मिळाला, पाण्याच्या बाटलीशेजारी. त्याने बटणं दाबली, फोन उशीखाली कोंबला. आवाज थांबेना. उलट "बहिरे झालात का?" हे नवंच वाक्य सुरू झालं.

"हे कधी भरलं पोरीने?"

बायको आंघोळीला गेली असणार. तिचं आवरायच्या आत हे यंत्र गप्प व्हायला हवं. त्याने फोन उचलला, बाहेरचं दार ओढून घेतलं आणि इमारतीखालच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे धाव घेतली.

"लवकर बघा, थांबतच नाही हा!"

दुरुस्तीवाल्याने फोन उलटासुलटा केला. "काका, बॅटरी संपलीय याची. बंद आहे." (चार्जिंगचा अलार्म भरायचा राहिला होता.)

"अहो, लक्ष कुठंय तुमचं?"

"ऐकलंत? बंद असून बोलतोय!"

"काका," दुरुस्तीवाला हळूच म्हणाला, "वर बघा."

वर गॅलरीत बायको. एका हातात ड्रेस, दुसऱ्या हातात नेम धरलेला कपड्यांचा चिमटा.

तो धावत वर गेला, किल्ली दुकानात राहिली म्हणून खाली आला, पुन्हा वर गेला. बायको धापा टाकत, मुलाखतीला उशिरा पोचली. साहेबांनी विचारलं, "वैताग आणणाऱ्या माणसांना कसं सांभाळाल?" तिने फक्त सकाळची हकिगत सांगितली. बढती तिथंच पक्की झाली.

"म्हणजे माझ्यामुळेच की!" संध्याकाळी तो म्हणाला. तिने आपला आवाज पुसून सगळे अलार्म दुरुस्तीवाल्याच्या आवाजात भरून घेतले.

दुसऱ्या दिवशी तो गॅलरीत कुंडीतली माती उकरत बसला असताना आतून ऐकू आलं, "काका, गॅलरीचं दार लावा." पाठोपाठ कडी सरकली.

"अगं, ऐकलंस का? दार उघड!"

आतून बायकोचा शांत आवाज आला, "बाई गं, फोन परत बिघडला वाटतं."