यजमानांची बंडी

"तार कुठे आहे ते हाताने शोधून दाखवा, त्या दिवशी माग सोडते," असं बाईंनी कारखान्यात सगळ्यांना सुनावून ठेवलं होतं.

या कारखान्यात सुती धाग्यांत केसाहून बारीक तारा विणून कापड करतात. ते अंगात घातलं की हृदयाचे ठोके मोजून फोनवर पाठवतं. बाईंचे यजमान नुकतेच हृदयाच्या दुखण्यातून उठले होते, आणि "मला काय धाड भरलीय?" हे पालुपद दिवसभर चालू. म्हणून बाईंनी त्यांच्यासाठी तसली बंडी विणली. बटणाएवढी बॅटरी काठात बेमालूम शिवली. मापासाठी आधी विणलेली बिनतारेची बंडी त्या स्वतः घालत. दोन्ही राखाडी, दोन्ही एकाच दोरीवर वाळत.

त्या दिवशी सकाळच्या धांदलीत बाईंनी हाताला आली ती बंडी अडकवली आणि काम गाठलं. मागावर बसतात न बसतात तोच धागा तुटला, मास्तर ओरडले, बाईंनीही त्यांना चार शब्द ऐकवले. तेवढ्यात फोन किंचाळला. ठोके शंभराच्या वर!

बाई ताडकन उठल्या. एकशे वीस.

घरी फोन लावला, कुणी उचलेना. एकशे तीस.

"मास्तर, मी निघाले. यांचं काहीतरी बिनसलंय."

"अहो, पण हातातलं काम..."

ते ऐकायला बाई होत्या कुठे? त्या रस्त्याला लागल्या होत्या. धाप लागून कोपऱ्यावर थांबल्या, तर आकडा जरा उतरला. देवाचे आभार मानून पुन्हा धावल्या, तर पुन्हा चढला. त्या थांबल्या की यजमानांना बरं वाटायचं आणि धावल्या की बिघडायचं. पण एवढा विचार करायला डोकं ठिकाणावर हवं ना! तीन जिने चढेपर्यंत तर फोनने बोंब ठोकली होती.

दार ढकललं. यजमान रेडिओ मोठ्याने लावून, पेपर पसरून मटार सोलत बसले होते.

"आधी आडवे व्हा. तुमचे ठोके एकशे साठवर गेलेत."

यजमानांनी मनगटावर बोटं ठेवली. "नेहमीसारखेच तर आहेत." मग त्यांनी बायकोकडे नीट पाहिलं. केस सुटलेले, एका पायात चप्पल. त्यांनी तिच्या बंडीचा काठ चाचपला.

"अगं, माझी बंडी तू घातलीस. काय सुबक विणलीस, तुलाही कळली नाही."

बाई मटकन खाली बसल्या. "मला वाटलं, मी पोचायच्या आत तुम्ही..." आणि त्या लहान मुलासारख्या रडल्या.

यजमानांनी पाणी दिलं आणि पाठीवरून हात फिरवत फोनकडे बघत राहिले. आकडा हळूहळू खाली आला. त्यांना मात्र फार वाईट वाटत होतं.

"माझ्या दुखण्याच्या नादात तुझ्याकडे कुणी बघितलंच नाही," ते म्हणाले. "काढू नकोस ती. फोन इथेच माझ्याजवळ राहू दे. मला दुसरी विण."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "काल काम टाकून गेलात त्याचं काय?" बाई बाह्या सरसावून उठल्या. त्या तोंड उघडणार तोच मास्तरांच्या टेबलावरचा फोन वाजला. मास्तरांनी ऐकलं आणि निमूटपणे रिसीव्हर बाईंपुढे धरला.

"भांडू नकोस," यजमान म्हणाले. "पाणी पी."

बाई मुकाट्याने पाणी प्यायल्या. मास्तरही प्यायले.