तांगडेकाका आणि फीमाफी

सत्यनारायणाचा प्रसाद हातावर पडला की माणूस तो कपाळाला लावतो आणि तोंडात टाकतो. आमचे शेजारी तांगडेकाका प्रसाद तसाच हातात धरून विचारायचे, "शर्त काय?"

"काका, प्रसाद आहे. प्रसादाला कसली शर्त?" आई दरवर्षी सांगायची. मग ते खायचे, पण सावकाश, आत काही निघतंय का ते जिभेनं चाचपत.

औरंगाबादच्या हर्सूलला तलावाकडं जाणाऱ्या रस्त्यालगतच्या बोळात आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून होती. माझे वडील तुरुंगात शिपाई. तांगडेकाका रजिस्ट्री कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. लोकांची खरेदीखतं, गहाणखतं आणि बक्षीसपत्रं वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. दिवसभर चोरा-दरोडेखोरांत राहावं लागतं म्हणून वडील कधी कुरकुरले की काका म्हणायचे, "तुमच्याकडचे निदान पकडले गेलेले हायेत, लक्ष्मणराव. माझ्याकडं यायचे ते समदे मोकळे व्हते."

या संशयाचं मूळ ते स्वतःच सांगायचे. पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा ते सातवीत होते. निजामाची शाळा, सगळं शिक्षण उर्दूत. "वर्गात पयला नंबर व्हता माझा. राज बदललं, कागदाची भाषा बदलली, अन् पयल्या नंबराला पुन्हा ग म भ न गिरवायला बसवलं." तेव्हापासून ते कुठलाही कागद दोनदा वाचायचे. एकदा लिहिणाऱ्याच्या नजरेनं, एकदा फसणाऱ्याच्या.

लग्नपत्रिकेवर 'आहेर आणू नये' असं छापलेलं दिसलं की भिंग घेऊन बाकीची पत्रिका तपासायचे. म्हणायचे, "मोठ्या अक्षरात देतेत, बारीक अक्षरात घेतेत." एकदा वडिलांबरोबर पाचोडच्या बाजाराला गेले होते. टरबूजवाला ओरडत होता, लाल निघालं नाही तर पैसे परत. काकांनी खिशातून कागद काढून त्याच्यापुढं धरला. "हेच लिहून दे." टरबूजवाल्यानं एक टरबूज पुढं केलं. म्हणाला, फुकट घ्या, पण जा. तेही काकांनी घेतलं नाही. फुकट का देतो, हा आणखी एक प्रश्न उभा राहिला ना!

वेरूळला गाईडनं सांगितलं की अख्खं कैलास लेणं एकाच दगडात कोरलंय. बाकीची मंडळी वर बघत राहिली. काकांनी देवळाला दोन तास प्रदक्षिणा घातल्या, कुठं सांधा सापडतो का बघत. सापडला नाही. बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "असंल बी एकच. पर खाली, जमिनीत कुणी बघितलंय?"

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. आमच्या घरात दोन खोल्या आणि पाच माणसं, म्हणून संध्याकाळी पाच ते सात मी त्यांच्याकडं अभ्यासाला जायची. समोर ते तांबडी पेन्सिल घेऊन वर्तमानपत्रातल्या जाहिराती तपासत बसायचे. त्यांना बीजगणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मधूनच माझी वही ओढून घ्यायचे. "ही ओळ कुठून आली? हिला आधार काय?" आधार दिल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचे नाहीत. बारावीला गणितात मला जे मार्क पडले त्यातले निम्मे त्या छळाचे आहेत.

निकाल लागला आणि दोन आठवड्यांत पुण्याकडच्या एका नव्या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजचं पत्र आलं. गुळगुळीत कागद, वर सोनेरी शिक्का. तुमच्या गुणवत्तेची कदर म्हणून संपूर्ण शिक्षण-फी माफ, शाखा इलेक्ट्रॉनिक्स. इथं गावातल्या सरकारी कॉलेजात मला सिव्हिल मिळत होतं. फी किरकोळ, राहायला घर. पण मला लहानपणापासून रेडिओ उघडून आत बघायचं वेड. मी ते पत्र उशीखाली घेऊन झोपले.

वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. सकाळी ते पत्र घेऊन शेजारी गेले. काकांनी आधी शिक्का नखानं खरवडून पाहिला. मग भिंग, मग डिक्शनरी. तासाभरानं म्हणाले, "खालून दुसरी ओळ. दरवर्षी फेरविचार. फेरविचार कोण करणार? कशावरून करणार? पोरीला बघायला आल्यासारखं गोड बोलायलेत, लक्ष्मणराव. घर बघून यावं लागंल."

वडिलांना रजा मिळेना. तेव्हा तांगडेकाका एकटेच निघाले. पिशवीत दशम्या, पाण्याची बाटली आणि पंधरा प्रश्नांची यादी. तिकिटाचे पैसेही त्यांनी घेतले नाहीत.

तिसऱ्या दिवशी परत आले आणि आमच्या दारातल्या बाजेवर बसून त्यांनी अहवाल दिला. इमारत खरी आहे, मागच्या बाजूनंही आहे. मुलींच्या होस्टेलच्या मेसमध्ये वरण पातळ, पण पाणी चांगलं. प्रयोगशाळेतली यंत्रं चालू करून दाखवा म्हणाल्यावर दोन चालली, एक चाललं नाही. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"मी कारकुनाला इचारलं, अशी पत्रं कितीजणांना धाडली? तो म्हणला, साठ. मी म्हणलं, दुसऱ्या वर्षी किती जणांची माफी राहती? तो म्हणला, पयले दहा. आता हिशेब करा. समदे साठ हुशार. साठातले दहा टिकणार, पन्नास बापांनी तीन वर्षं पुरी फी भरायची. पयलं वर्ष म्हंजे गळाचं गांडूळ हाय."

वडील बराच वेळ बोटं मोडत राहिले. मग म्हणाले, "मंदे, इथलंच घे. सिव्हिल बी चांगलंच असतं."

मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी रडू संपलं आणि डोकं चालू लागलं. काका एकटे गेले, एकटे आले. साठ आणि दहा हे आकडे त्यांच्याशिवाय कुणी ऐकलेत? आणि येताना त्यांनी माहितीपुस्तक कसं आणलं नाही? मी शेजारी गेले आणि त्यांच्याच आवाजात विचारलं, "काका, याला आधार काय? कागद दाखवा."

"पुस्तक दिलं व्हतं. बसमध्ये राहिलं," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र डोळ्यांपुढं धरलं.

लोकांची तीस वर्षांपूर्वीची पावती ज्यांच्याकडं सापडायची, त्यांचं पुस्तक बसमध्ये राहिलं! मी सरळ कॉलेजला पत्र टाकलं. दोनच प्रश्न. पत्रं किती पाठवली, आणि दुसऱ्या वर्षी माफी कितीजणांना? सरकारी कॉलेजात नाव घालायची मुदत संपायला दहा दिवस होते. ते दिवस मी काकांच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. संध्याकाळी पाच वाजता भिंतीपलीकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज यायचा, बस्स.

मुदतीला दोन दिवस उरले असताना उत्तर आलं. साठ. दहा. अक्षरन् अक्षर खरं होतं.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तशीच ते पत्र घेऊन मी शेजारी गेले. म्हटलं, "काका, चुकलं माझं. मी तुमच्यावर संशय घेतला."

त्यांनी पत्र वाचलं. एकदाच. चष्मा काढून पुन्हा लावला. मग उठून आत गेले, ट्रंकेचं कुलूप उघडल्याचा आवाज आला, आणि बाहेर येऊन त्यांनी माझ्यापुढं एक गुळगुळीत पुस्तक ठेवलं. वर तोच सोनेरी शिक्का.

"तू जे इचारलं त्याचं उत्तर आलं," ते म्हणाले. "जे इचारलं नाय ते कोण सांगंल? पान अकरा."

पान अकरावर एका परिच्छेदाला तांबड्या पेन्सिलीनं चौकट केली होती. पहिल्या दहांत नाव नसलं तरी प्रथम वर्ग राखला तर निम्मी फी माफ. आणि बाहेरगावच्या मुलींना होस्टेल चारही वर्षं मोफत.

मी दोनदा वाचलं. "हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"आणि तुम्ही बाबांना सांगितलं नाही?"

"नाय." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "नगरला बस थांबली तवा वाचलं मी हे. वाटलं, झालं, पोरगी जाती आता. मग नगरपासून हर्सूलपर्यंत इचार करत आलो, की संध्याकाळी पाच वाजता मी काय करू? औरंगाबाद येईस्तोर उत्तर सापडलं नाय. म्हणून पुस्तक पिशवीच्या तळाला घातलं." मग म्हणाले, "उभ्या जन्मात कागद दाबला नव्हता मी, मंदा. लई जणांनी पैसे देऊ केले व्हते."

मला राग यायला हवा होता. आलाही, पण तो धरून ठेवता येईना. ते तसेच उठले, पायात चपला घातल्या, आणि माझ्याआधी आमच्या घरी जाऊन वडिलांपुढं उभे राहिले. सगळं सांगितलं. वडील त्यांना "साहेब" म्हणायचे. त्या दिवशी तो शब्द निघाला नाही. मग आईला म्हणाले, "चहा ठेव, दोन कप," आणि दोघं पुस्तक मधे घेऊन बसले. प्रथम वर्ग राहिला तर निम्मी फी. वडिलांच्या फंडातून निघणारी रक्कम. सुट्टीत येण्या-जाण्याचं भाडं. इथलं सिव्हिल स्वस्त होतं, यात वाद नव्हता. "पर स्वस्त पडलं म्हणून चार वर्षं तोंड पाडून बसली, तर ते कुठल्या रकान्यात धरायचं?" असं काकाच म्हणाले.

मी पुण्याला गेले. आधीच सांगून टाकते, पहिल्या दहांत मी कधीच आले नाही. पहिल्या वर्षी तेविसावी होते. प्रथम वर्ग मात्र चारही वर्षं सोडला नाही, निम्मी फी वडिलांनी भरली, आणि कॉलेजच्या त्या कारकुनानं एकदाही शब्द फिरवला नाही.

पण मला आठवतो तो नाव घालायचा दिवस. वडील आणि काका दोघंही पोचवायला आले होते. होस्टेलच्या बाईंनी एक फॉर्म पुढं केला. मुलगी आजारी पडली किंवा काही झालं तर कुणाला कळवायचं, अशी दोन नावं लिहायची होती. पहिलं वडिलांनी माझ्याकडून लिहवून घेतलं, लक्ष्मण काळे. दुसऱ्याशी थबकले. मग पेन काकांच्या हातात दिलं.

काकांनी वळणदार अक्षरात नाव आणि पत्ता लिहिला. बाईंनी फॉर्म आपल्याकडं फिरवून पाहिला. "हे रंगनाथ तांगडे कोण? नातं लिहिलं नाही."

काकांनी पेन नात्याच्या रकान्यावर टेकवलं आणि तिथंच धरून ठेवलं.

"माझे थोरले भाऊ," वडील म्हणाले.

बाईंनी एकदा वडिलांकडं पाहिलं, एकदा काकांकडं, मग फॉर्मवर बोट ठेवलं. "सख्खे? मग आडनावं वेगळी कशी?"

वडील आपल्या चपलांकडं बघायला लागले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. बाईंच्या कपाळावर आठी चढत चालली. तेवढ्यात काकांनी घसा साफ केला.

"दफ्तरातली चूक हाय ती, बाई," ते म्हणाले. "लई जुनी. दुरुस्त करायची राहून गेली."